शस्त्रक्रियेनंतरचा कोरडा डोळा : शोधनिबंधांची मोजदाद काय सांगते

कावेरीच्या खोऱ्यात, तंजावर नगराच्या उत्तरेस अवघ्या काही मैलांवर तिरुवैयारु हे क्षेत्र आहे. तमिळ भाषेत ‘तिरु’ म्हणजे पवित्र, ‘ऐ’ म्हणजे पाच व ‘आरु’ म्हणजे नदी. पाच नद्यांचे पवित्र स्थान, असा या नावाचा अर्थ होतो. संगीताचे भोक्ते या गावाला त्यागराजांच्या समाधीमुळे ओळखतात. मराठी वाचकाला मात्र या प्रदेशाविषयी आणखी एका कारणाने आपुलकी वाटेल. सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणापासून १८५५ पर्यंत येथे भोसले कुळाचे राज्य होते, आणि त्या कुळातील सरफोजी राजे दुसरे हे विद्येचे मोठे उपासक होते.

सरफोजींनी १७९८ ते १८३२ या काळात राज्य केले. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजाची सत्ता तंजावरच्या किल्ल्यापुरती उरली. सत्ता गेली तरी जिज्ञासा गेली नाही. राजाने आपला काळ व द्रव्य ग्रंथसंग्रह, छपाई आणि वैद्यक यांकडे लावले. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्याच्या काळातील नेत्ररुग्णांचे वृत्तांत जपून ठेवलेले आहेत. ते इंग्रजीत लिहिलेले असून त्यांत रुग्णांच्या विकारांची व उपचारांची तपशीलवार हकीकत आहे. काहींसोबत डोळ्यांची रंगीत चित्रेही काढलेली आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया राजा स्वतः करीत असे, असे परंपरा सांगते.

या जुन्या कागदांचे महत्त्व कोणते? शस्त्रक्रिया करणारा हात कितीही कुशल असो, रुग्णाचे पुढे काय झाले हे लिहून ठेवले नाही, तर ते कौशल्य त्या हाताबरोबरच नाहीसे होते. लिहिलेली नोंद दुसऱ्या वैद्याच्या उपयोगी पडते. आजचा वैद्यकीय शोधनिबंध ही अशाच नोंदीची वाढलेली व शिस्त लागलेली आवृत्ती होय. अशा निबंधांचा एक समूह येथे विचारासाठी घेतला आहे. चष्म्याचा नंबर घालविण्यासाठी डोळ्यांवर शस्त्रक्रिया केल्यानंतर डोळे कोरडे का पडतात, या प्रश्नावर गेल्या तीन दशकांत जगभर जे लिहिले गेले, त्याचा प्रवाह कसा वाहिला आणि त्यातून सामान्य माणसाने काय घ्यावे, हे पाहावयाचे आहे.

अश्रूंचे काम

अश्रू म्हटले की रडणे आठवते. परंतु अश्रूंचे खरे काम अखंड चालू असते. डोळ्याच्या पुढील भागी घड्याळाच्या काचेसारखे जे पारदर्शक पटल असते, त्यास स्वच्छमंडल किंवा कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशकिरणांना वळविण्याचे सुमारे दोनतृतीयांश काम हेच पटल करते. उरलेले काम आतील भिंग करते. या पटलावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर पसरलेला असतो. त्याची जाडी काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या काही सहस्रांशांइतकीच असते. पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येणारा तेलकट अंश, अश्रुग्रंथीतून येणारे पाणी आणि डोळ्याच्या आवरणातून स्रवणारा बुळबुळीत श्लेष्मा हे तीन घटक मिळून हा थर बनतो. पाण्यामुळे ओलावा येतो, श्लेष्म्यामुळे तो पटलाला धरून राहतो आणि तेलामुळे तो लवकर उडून जात नाही.

हा थर सतत ताजा ठेवण्याची व्यवस्था मोठी सुबक आहे. स्वच्छमंडलात मज्जातंतूंचे इतके दाट जाळे असते की, शरीराच्या पृष्ठभागावर एवढा संवेदनशील दुसरा भाग क्वचितच सापडेल. थर जरा सुकला की हे तंतू मेंदूला वर्दी देतात. मेंदू अश्रुग्रंथीला स्रवण्याची आणि पापणीला मिटण्याची आज्ञा देतो. विहिरीत पाणी कमी झाल्याची खबर देणारा रखवालदारच नसेल, तर मोट वेळेवर कोण चालवील? हे तंतू म्हणजे असे रखवालदार होत. पुढील सर्व विवेचनाची किल्ली याच एका गोष्टीत आहे.

चष्मा घालविण्याचे प्रयत्न

ऱ्हस्वदृष्टीच्या माणसाला दूरचे धूसर दिसते, कारण किरण दृष्टिपटलावर न मिळता त्याच्या अलीकडेच मिळतात. स्वच्छमंडलाचा फुगीरपणा थोडा कमी केला, तर हा दोष दूर होऊ शकतो. ही कल्पना जुनी आहे. जपानमध्ये त्सुतोमु सातो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास स्वच्छमंडलाच्या आतील बाजूपर्यंत छेद घेऊन तसा प्रयत्न केला. आरंभी रुग्णांना चांगले दिसू लागले. परंतु अनेकांच्या डोळ्यांतील पटल वर्षांमागून वर्षे गेल्यावर सुजून गढूळ झाले. आतील पृष्ठावरील नाजूक पेशींचे मोल त्या वेळी कळलेले नव्हते. शस्त्रक्रियेचा हिशेब पहिल्या महिन्यात मांडून चालत नाही, हा धडा या अनुभवाने दिला. स्पेनमध्ये जन्मलेले आणि पुढे कोलंबियातील बोगोटा येथे काम केलेले जोसे इग्नासियो बाराकेर यांनी १९४९ मध्ये पटलाचा पातळ थर उचलून त्यास नवा आकार देण्याचा मार्ग दाखविला.

या मार्गाला आजचे रूप देणाऱ्या शोधात मद्रासमध्ये जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाचा वाटा आहे. रंगस्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेत आय. बी. एम. कंपनीच्या संशोधनशाळेत काम करीत होते. जेम्स विन व सॅम्युएल ब्लम या सहकाऱ्यांसह जंबुपार किरणांच्या लेसरचा परिणाम ते तपासत होते. नोव्हेंबर १९८१ मध्ये सणाच्या जेवणातील उरलेले टर्की पक्ष्याचे मांस श्रीनिवासन यांनी प्रयोगशाळेत आणले आणि त्यावर १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण सोडले. आसपासचा भाग न करपता मांसात स्वच्छ, रेखीव खाच पडली. १९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासमवेत त्यांनी स्वच्छमंडलावरील प्रयोग प्रसिद्ध केले. या शोधाबद्दल तिघा सहकाऱ्यांना २०१३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रविज्ञान पदक देण्यात आले.

या शोधातून निघालेल्या पहिल्या पद्धतीत, म्हणजे पी. आर. के. मध्ये, पटलाचा वरचा पेशीथर दूर करून लेसरने आकार देतात. अमेरिकेत तिला १९९५ मध्ये मान्यता मिळाली. ग्रीसमधील क्रीट बेटावरील इओआनिस पालिकारिस यांच्या नावाशी निगडित असलेली लेसिक पद्धती १९९० च्या सुमारास पुढे आली. हिच्यात पटलाचा एक पातळ पापुद्रा बिजागरीवरील झाकणासारखा उचलतात, खालचा भाग लेसरने कोरतात आणि पापुद्रा परत जागी बसवितात. वेदना कमी आणि दृष्टी दुसऱ्याच दिवशी सुधारलेली, यामुळे ही पद्धती झपाट्याने लोकप्रिय झाली. तिसरी पद्धती स्माइल या नावाने ओळखली जाते. तीत पापुद्रा उचलीत नाहीत. लेसरने आत एक भिंगाकार चकती तयार करून ती दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात. तिच्या आरंभीच्या अनुभवावर २०११ मध्ये निघालेल्या निबंधांत बडोद्याच्या रूपल शाह व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध होता.

डोळा कोरडा का पडतो

आता मूळ प्रश्नाचे उत्तर वाचकाच्या ध्यानात आले असेल. स्वच्छमंडलातील मज्जातंतू कडेकडून मध्याकडे जातात. लेसिकचा पापुद्रा कापताना जवळजवळ संपूर्ण वर्तुळाकार छेद घ्यावा लागतो. फक्त बिजागरीचा भाग सुटतो. त्या छेदात मध्यभागाकडे जाणारे बहुतेक तंतू तुटतात. रखवालदार गेले की वर्दी जात नाही. अश्रू कमी येतात, पापणी कमी वेळा मिटते आणि पृष्ठभाग सुकतो. सुकलेल्या पृष्ठभागावर दाह उत्पन्न होतो आणि दाहामुळे अश्रूंचा थर आणखी बिघडतो. २००१ मध्ये स्टीव्हन विल्सन यांनी लेसिकनंतरच्या या विकाराचे मूळ तंतूंच्या हानीत असावे, असे मांडले.

तुटलेले तंतू पुन्हा वाढतात, परंतु सावकाश. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी जिवंत डोळ्यातील तंतू सूक्ष्मदर्शकाने पाहून २००५ मध्ये दाखविले की, तंतूंची दाटी पूर्ववत होण्याच्या जवळ येण्यास पी. आर. के. नंतर सुमारे दोन वर्षे, तर लेसिकनंतर सुमारे पाच वर्षे लागतात. बहुसंख्य रुग्णांची तक्रार मात्र सहा महिने ते एक वर्षात ओसरते. पृष्ठभागावर बोचणारे, जळजळणारे हे दुखणे काही थोड्यांच्या बाबतीत दीर्घकाळ टिकते.

निबंध मोजण्याचे शास्त्र

एकेक निबंध वाचून एकेक गोष्ट कळते. पण सहस्रावधी निबंध साचले म्हणजे त्यांच्या समूहाचाच अभ्यास करावा लागतो. या शास्त्राचा धागाही जुन्या तंजावर जिल्ह्यापर्यंत पोहोचतो. त्या जिल्ह्यातील शियाळी गावी १८९२ मध्ये जन्मलेले शियाळी रामामृत रंगनाथन हे गणिताचे अध्यापक होते. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि पुढे ग्रंथालयशास्त्राचे आचार्य म्हणून जगास परिचित झाले. इंग्लंडमधील लेमिंग्टन स्पा येथे १९४८ मध्ये भरलेल्या परिषदेत त्यांनी ग्रंथालयाच्या कामास संख्याशास्त्र लावावे, अशी सूचना केली आणि त्या विद्येस ‘लायब्रमेट्री’ असे नाव सुचविले.

इतरत्रही याच दिशेने विचार चालू होता. लंडनचे ग्रंथपाल सॅम्युएल ब्रॅडफर्ड यांनी १९३४ मध्ये दाखविले होते की, एखाद्या विषयावरील बरेचसे निबंध मोजक्या नियतकालिकांत एकवटलेले असतात आणि उरलेले असंख्य नियतकालिकांत विखुरलेले असतात. कोणत्या निबंधाने कोणत्या निबंधाचा आधार घेतला, याची सूची यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये सुरू केली. डेरेक प्राइस यांनी त्याच सुमारास शास्त्रीय लेखनाची वाढ चक्रवाढ व्याजासारखी होते, हे आकड्यांनी मांडले.

आज हे काम यंत्रगणकाच्या साहाय्याने होते. संशोधक प्रथम ‘कोरडा डोळा’ व ‘लेसिक’ यांसारखे शब्द देऊन सूचीतून निबंध निवडतो. मग प्रतिवर्षी किती निघाले, कोणत्या देशांतून आले, कोणी कोणाबरोबर लिहिले आणि कोणते शब्द एकमेकांच्या सोबतीने येतात, हे मोजतो. सोबतीने येणारे शब्द नकाशावर जवळजवळ मांडले की गावांच्या वस्तीसारखे पुंजके दिसू लागतात. प्रत्येक पुंजका म्हणजे संशोधनाची एक पेठच होय.

प्रवाहाची वळणे

या विषयाचा प्रवाह पाहू गेल्यास चार वळणे स्पष्ट दिसतात.

पहिले वळण १९९० नंतरच्या दशकातील आहे. त्या वेळच्या लेखनाचा भर दृष्टी किती सुधारली आणि नंबर किती उरला यावर होता. कोरडेपणाचा उल्लेख ‘इतर तक्रारी’ या सदरात एखाद्या ओळीत येई.

दुसरे वळण २००० च्या आसपासचे. लेसिकचा प्रसार झाला, तक्रारी वाढल्या आणि कोरडेपणा हा स्वतंत्र विषय बनला. स्वच्छमंडलाची संवेदना, तंतूंची दाटी, शर्मर चाचणीचे आकडे हे शब्द निबंधांत वारंवार येऊ लागले. जर्मन नेत्रतज्ज्ञ ओटो शर्मर यांनी १९०३ मध्ये वर्णिलेल्या या चाचणीत टिपकागदाची अरुंद पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते, हे पाहतात. या काळातील लेखनात अमेरिकेचा वाटा मोठा होता.

तिसऱ्या वळणावर रुग्णाचा शब्द निबंधात आला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २००८ मध्ये लेसिकविषयी जाहीर सुनावणी घेतली. तेथे शस्त्रक्रियेने दुःखी झालेल्या रुग्णांनी व त्यांच्या आप्तांनी आपली गाऱ्हाणी मांडली. त्यानंतर आखलेल्या अभ्यासात रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर प्रश्नावली देण्यात आली. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्वी कोरडेपणाची लक्षणे नसलेल्या रुग्णांपैकी सुमारे २८ टक्के लोकांनी तीन महिन्यांनंतर अशी लक्षणे असल्याचे सांगितले. तक्रारींमुळे नित्य व्यवहार अतिशय कठीण झाले असे सांगणारे एक टक्क्याहूनही कमी होते. या दोन्ही आकड्यांपैकी एकच सांगणे म्हणजे अर्धे सत्य सांगणे होय.

चौथे वळण अलीकडचे. स्माइल पद्धतीमुळे तुलनात्मक निबंधांना बहर आला. छेद लहान असल्याने या पद्धतीनंतर पहिल्या काही महिन्यांत संवेदना अधिक टिकते, असे अनेक अभ्यासांत आढळले. कालांतराने हा फरक कमी होत जातो. याच काळात चीनमधील निबंधांची संख्या वेगाने वाढली. तेथील तरुणांत ऱ्हस्वदृष्टीचे प्रमाण फार मोठे असल्याने शस्त्रक्रियाही पुष्कळ होतात. दाह उत्पन्न करणारी अश्रूंतील द्रव्ये, पापण्यांच्या तेलग्रंथी आणि मज्जातंतूजन्य वेदना हे नवे विषय पुढे आले. भारतात बंगळूरच्या नारायण नेत्रालयातून अश्रूंतील अशा द्रव्यांवर लेखन झाले आहे.

मोजदादीच्या मर्यादा

आलेखाची रेषा वर चढली म्हणजे ज्ञानही तितकेच वाढले, असे समजणे धोक्याचे आहे. प्रथम, व्याख्याच बदलत असते. १९९५ च्या व्याख्येत अश्रूंची कमतरता किंवा त्यांचे जादा बाष्पीभवन यांवर भर होता. २००७ मध्ये अश्रूंचा खारटपणा व दाह यांचा समावेश झाला. २०१७ मध्ये मज्जातंतूंच्या संवेदनेतील बिघाडही त्यात आला. तीच तक्रार घेऊन आलेला रुग्ण एका वर्षी या वर्गात मोजला जाईल, तर दुसऱ्या वर्षी मोजला जाणार नाही.

दुसरे असे की, चाचणी व वेदना यांचा मेळ नेहमी बसत नाही. काहींचा टिपकागद पुरेसा भिजतो आणि तरी डोळा असह्य जळतो. तुटून पुन्हा वाढलेले तंतू कधीकधी खोटीच वर्दी देत राहतात. उलट काहींचा पृष्ठभाग सुकून खराब झालेला असतो, पण संवेदनाच मंदावल्यामुळे त्यांना काहीच जाणवत नाही. पहिल्या प्रकारच्या रुग्णांना ‘डोळा उत्तम आहे’ असे सांगून परत पाठविले जाते, तेव्हा त्यांच्यावर दुहेरी अन्याय होतो.

तिसरी मर्यादा काळाची आहे. सहा महिन्यांचा अभ्यास लवकर पुरा होतो आणि लवकर छापला जातो. दहा वर्षे रुग्णांच्या मागे जाणे खर्चाचे व चिकाटीचे काम असते. साहजिकच पहिल्या प्रकारचे निबंध पुष्कळ आणि दुसऱ्या प्रकारचे थोडे. जपानमधील त्या जुन्या शस्त्रक्रियांचा धडा येथे पुन्हा आठवावा. शिवाय इंग्रजी सूचीत न आलेली रुग्णालयीन नोंद या मोजणीत दिसतच नाही.

तरीही मोजदाद निरुपयोगी नाही. कोणत्या प्रश्नांभोवती गर्दी आहे आणि कोणता प्रश्न एकाकी पडला आहे, हे ती दाखविते. आणि जो प्रश्न एकाकी आहे, तोच कदाचित रुग्णाला सर्वांत जवळचा असतो.

वाचकाने काय घ्यावे

चष्म्यामुळे आवडीची नोकरी हुकेल अशी भीती असलेल्या, किंवा विवाहापूर्वी चष्मा जावा असे वाटणाऱ्या तरुणतरुणींना ही शस्त्रक्रिया आकर्षक वाटते. बहुतेकांना तिचा लाभही होतो. परंतु ती निरोगी डोळ्यावर, स्वेच्छेने केलेली शस्त्रक्रिया आहे, हे विसरू नये. ज्याचे डोळे आधीच कोरडे असतात, त्याला नंतर त्रास होण्याचा संभव अधिक असतो. यास्तव शस्त्रक्रियेपूर्वी अश्रूंची तपासणी झाली आहे काय, कोरडेपणा असल्यास त्यावर आधी उपचार होणार काय, कोणती पद्धती आपल्या डोळ्याला योग्य आहे आणि नंतर किती काळ तपासणीस यावे लागेल, हे चार प्रश्न डॉक्टरांना निःसंकोच विचारावेत. नंतर त्रास झाल्यास ओलावा देणारे थेंब, दाह कमी करणारी औषधे, अश्रू वाहून नेणारी छिद्रे बंद करणाऱ्या लहान खुंट्या असे उपाय उपलब्ध आहेत. मात्र ते नेत्रतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच करावेत. तासन्‌तास पडद्याकडे टक लावून पाहणाराची पापणी कमी वेळा मिटते, म्हणून अशा कामात मधूनमधून डोळे मिटण्याची सवय लावून घेणे सर्वांनाच हितकर आहे.

आणि त्रास टिकलाच, तर तो कधी सुरू झाला, केव्हा वाढतो, कशाने कमी होतो हे रुग्णाने लिहून ठेवावे व प्रत्येक भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावे. तंजावरच्या ग्रंथालयात दोन शतकांपूर्वीच्या रुग्णांची दुखणी आजही वाचता येतात, याचे कारण एवढेच की ती त्या वेळी कोणीतरी लिहून घेतली होती.